वर्षभर लागू पडलेली गोळी आता का लागू पडेना?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताई, नमस्कार. आम्ही वर्धा जिल्ह्यातले. सहा एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. आईचं वय ५७. तिनं आयुष्यात बिडी-तंबाखू, खर्रा कशालाच हात लावला नाही. खोकला होता म्हणून आधी चार महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. फरक पडला नाही, मग सीटी आणि बायोप्सीत फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, हाडातही गेलेला. ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह आहे, किमोची गरज नाही, रोज एक गोळी घ्या’ असं सांगून जेफिटिनिब सुरू केली. ताई, पंधरा दिवसांत खोकला गेला. दोन महिन्यांनी आई वेचणीला आली. आम्हाला वाटलं, सुटलो. ११ महिने असे गेले. आता सीटीत गाठ वाढलेली दिसते आणि यकृतावर नवा डाग आहे. डॉक्टर म्हणतात पुन्हा बायोप्सी करू. मोठे काका म्हणतात सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. बहिणीच्या लग्नात गोळ्यांचं पाकीट घरी राहिलं होतं, चार दिवस गोळी चुकली. त्यामुळे झालं का? की गोळी नकली होती? शेजारच्या गावच्या गुरुजींना फुफ्फुसाचाच कॅन्सर आहे, त्यांना तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं इंजेक्शन देतात, ते चांगले हिंडतात-फिरतात. आईला तेच का नाही? आई रोज विचारते, ‘बाबू, गोळी तेच आहे ना?’ तिला काय सांगू?

उत्तर:

दादा, आधी त्या चार गोळ्यांचं बोलू. पत्रात तुम्ही ते मधेच एका ओळीत लिहिलंय, पण तेच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. चार दिवस गोळी चुकल्यामुळे हे झालेलं नाही. जेफिटिनिब ज्यांना छान लागू पडते, त्यांच्यातही जवळजवळ प्रत्येकाचा आजार कधी ना कधी तिला दाद देईनासा होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशाच ३५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात नुसती जेफिटिनिब घेणाऱ्यांपैकी निम्म्या रुग्णांचा आजार साधारण ८ महिन्यांतच पुन्हा डोकं वर काढू लागला होता. त्यांच्यात एकही गोळी न चुकवणारे कितीतरी असतील. तुमच्या आईंना ११ महिने मिळाले. पाकीट घरी राहिलं हे मनातून काढून टाका, आणि बहिणीलाही कळू द्या की तिच्या लग्नाचा यात काही दोष नाही.

गोळी नकली असती तर पंधरा दिवसांत खोकला गेला नसता. तरी एक विचारते, आई पित्ताची गोळी रोज घेतात का? पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशी कुठली? आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर ती घेणारी माणसं घरोघरी आहेत. जेफिटिनिब विरघळायला पोटात आम्ल लागतं. पित्ताच्या गोळीनं ते कमी झालं की औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. दुसरं म्हणजे टीबीच्या औषधांतली रिफाम्पिसिन, जिच्यामुळे लघवी केशरी होते. ती यकृताला असं कामाला लावते की जेफिटिनिब भराभर संपते. तुमच्याकडे टीबीच्या गोळ्या आधीच बंद झाल्या होत्या, त्यामुळे तो प्रश्न नसावा. पण आई घेतात ती प्रत्येक गोळी, चूर्ण, काढा एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

आता ‘गोळी तेच आहे ना’ या आईंच्या प्रश्नाकडे येते. गोळी तीच आहे, गाठ मात्र तीच राहिलेली नाही.

माझं माहेर आर्वीकडचं, पऱ्हाटीतच वाढले. त्यामुळे हे तुम्हाला तुमच्याच शेतातून सांगते. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला. पहिली काही वर्षं बोंडअळीची फवारणी वाचली, लोक खूश होते. २००६ मध्ये अशा विषाच्या दोन जनुकांचं बियाणं आलं. मग २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नाही असं उघड झालं. आणि २०१७ चा हंगाम विदर्भात कोण विसरेल! त्या वर्षी दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते. भावानं धुऱ्यावरचं एक बोंड तोडून माझ्या हातात दिलं. वरून हिरवंगार, घट्ट, कुठे भोक नाही. नखानं फोडलं तर आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला, आणि मधे ती गुलाबी अळी निवांत वळवळत होती. भाऊ म्हणाला, ‘बियाणं तेच, पाकीट तेच, कंपनी तेच. अळी बदलली.’

बीटीनं अळीला काही शिकवलं नव्हतं. लाखो अळ्यांत काही थोड्या जन्मतःच अशा होत्या की त्यांना ते विष बाधत नव्हतं. बाकीच्या मेल्या, शेत मोकळं झालं, आणि या उरलेल्यांचीच प्रजा वाढत गेली.

गाठीत हेच होतं. बोराहूनही लहान, जेमतेम १ घन सेंटिमीटरच्या गाठीत १०० कोटींच्या घरात पेशी असतात. निदान झालं तेव्हा आईंची गाठ त्याहून बरीच मोठी असणार. प्रत्येक पेशी फुटून दोन होताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. कॅन्सरच्या पेशींत या चुका जास्त होतात. त्यामुळे पहिली गोळी पोटात जायच्या आधीच कोट्यवधींच्या त्या गर्दीत दोन-चार पेशी अशा बसलेल्या असू शकतात, ज्यांना ती गोळी लागूच पडणार नाही. बायोप्सीत त्या दिसत नाहीत, इतक्या थोड्या असतात. औषधानं बाकीच्यांचा फडशा पाडला की त्यांना जागा मोकळी होते. काही पेशींची रीत वेगळी असते. त्या औषधाच्या माऱ्यात मरत नाहीत, वाढतही नाहीत, महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात आणि त्या काळात त्यांच्यात एखादा नवा बदल घडतो. म्हणजे आई वेचणीला येत होत्या, खोकला नव्हता, सीटी स्वच्छ वाटत होता, तेव्हाही आत हे चाललं होतं. तुम्हाला किंवा डॉक्टरांना ते दिसण्यासारखं नव्हतं.

जेफिटिनिब नेमकं काय करते तेही सांगते, म्हणजे पुढची तपासणी कशासाठी ते कळेल. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. बाहेरून निरोप आला की ते आत ‘वाढ’ असा हुकूम देतं आणि मग गप्प बसतं. आईंच्या कॅन्सरमध्ये त्याच्या जनुकात बिघाड झालाय. त्यामुळे ते गप्प बसतच नाही, मोटारीचं बटण अडकून पंप रात्रंदिवस चालू राहावा तसं. हा बिघाड फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये सिगारेट-बिडी न ओढणाऱ्यांत, त्यातही बायकांत, जास्त सापडतो. आईंनी तंबाखूला हात न लावता हे झालं, त्यात न समजण्यासारखं काही नाही. या प्रथिनाला चालायला ऊर्जा लागते. ती देणारा रेणू एका ठरावीक खाचेत येऊन बसतो. जेफिटिनिब त्याच खाचेत जाऊन बसते, म्हणून पंप थांबतो.

आणि मग या प्रथिनाच्या साखळीतली ७९० क्रमांकाची एकच कडी बदलते. थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी मेथिओनिन हे दुसरं येतं. रिपोर्टात याला टी७९०एम लिहितात, ही अक्षरं लक्षात ठेवा. एवढ्याशा बदलानं त्या खाचेत ऊर्जेचा रेणू आधीपेक्षा घट्ट बसू लागतो, जेफिटिनिबला तिथे जागा मिळेनाशी होते आणि पंप पुन्हा सुरू होतो. हा बदल २००५ मध्ये सापडला. त्याला चुकवून त्याच खाचेत बसणारं औषध म्हणजे ऑसिमर्टिनिब, त्याला अमेरिकेत २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली. ते शेजारच्या ७९७ क्रमांकाच्या कडीला पक्कं चिकटतं, सहज सुटत नाही. पुढे काही रुग्णांत ती ७९७ वीच बदलते. हा पाठशिवणीचा खेळ आहे, आणि तो आज पूर्ण जिंकता येत नाही हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आईंचा आजार चौथ्या टप्प्यातला आहे. तो समूळ जाईल असं मी म्हणत नाही. पण पुढचे महिने, आणि ते कसे जातात, हे बरंचसं आता निवडायच्या औषधावर आहे.

म्हणूनच पुन्हा बायोप्सी. मागच्या वर्षीचा रिपोर्ट मागच्या वर्षीच्या गाठीचा आहे.

बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. आईंसारखेच, गोळी लागू पडून नंतर न पडलेले ३७ रुग्ण. सगळ्यांची नव्यानं बायोप्सी केली. १८ जणांत टी७९०एम सापडला. दोघांत मेट नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या जादा प्रती तयार झाल्या होत्या, म्हणजे पुढचं दार बंद झाल्यावर पेशींनी मागचं दार उघडलं होतं. आणि ५ जणांत पेशींचं रूपच पालटलं होतं, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा स्मॉल सेल हा वेगळाच, झपाट्यानं वाढणारा प्रकार झाला होता. बाहेरून या सगळ्यांची गोष्ट एकच, गोळी चालेना. उपाय मात्र वेगवेगळे. पहिल्यांना ऑसिमर्टिनिब चालेल. रूप पालटलेल्यांना तीच गोळी दिली तर पैसा आणि मोलाचे आठवडे दोन्ही वाया, त्यांना इटोपोसाइड आणि प्लॅटिनमची किमो लागते. न तपासता औषध देणं म्हणजे झाड न बघता दुकानदार देईल तो डबा फवारणं.

काकांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. बायोप्सीनंतर महिना-दोन महिन्यांत आजार वाढलेला त्यांनी कुणाचा तरी पाहिला असेल. पण तो वाढत होता म्हणूनच तर बायोप्सी करावी लागली होती. सुईच्या वाटेनं पेशी पसरणं अगदी क्वचित घडतं. खरे धोके दुसरे असतात, आणि ते डॉक्टरांना विचारून घ्या. फुफ्फुसातून तुकडा घेताना बाजूला हवा साठू शकते. तुमच्याकडे यकृतावर नवा डाग आहे. तो सोनोग्राफीत बघत तिथून तुकडा घेणं बहुधा सोपं जाईल, आणि तो नव्यानं उगवलेला असल्यामुळे आत्ताचा आजार कसा आहे तेही तोच सांगेल. तिथे काळजी रक्तस्रावाची. आई रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील तर आधी सांगा, रक्त गोठण्याची तपासणी करून मगच सुई घालतात.

जागा बधिर करतात. ‘टक्’ असा आवाज येतो, आई दचकतील, तेवढं आधी सांगून ठेवा. निघतो तो तुकडा शेवयाच्या तुकड्यासारखा, बोटाच्या पेराएवढा जेमतेम. तो फॉर्मेलिनच्या लहान बाटलीत टाकतात. आपल्याकडे ही बाटली पुष्कळदा नातेवाइकांच्याच हातात देतात, ‘नागपूरला लॅबमध्ये पोचवा’ म्हणून. ती घरी कपाटावर ठेवू नका, शनिवार-रविवार आड आला म्हणून सोमवारची वाट बघू नका. फॉर्मेलिनमध्ये तुकडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर जनुकांची तपासणी बिघडते आणि आईंना पुन्हा टोचावं लागतं. त्याच दिवशी पोचवा. लॅबमध्ये तो तुकडा मेणाच्या लहान ठोकळ्यात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. पुढे दुसऱ्या दवाखान्यात मत घ्यायचं झालं तर तो ब्लॉक मागून घेता येतो. मागच्या वर्षीचाही कुठे आहे ते विचारून ठेवा.

सुईआधी एक पायरी आहे, ती डॉक्टरांना जरूर विचारा. मरणाऱ्या कॅन्सरपेशींच्या जनुकांचे कण रक्तात उतरतात. दोन नळ्या रक्त घेऊन त्यात टी७९०एम शोधता येतो, याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. रक्तात तो सापडला तर सुई टळू शकते. पण दहापैकी साधारण तिघांत तो गाठीत असूनही रक्तात सापडत नाही. म्हणून ‘निगेटिव्ह’ आलं की तिथे थांबायचं नाही, तुकडा घ्यायचाच. आणि पेशींचं रूप पालटलंय का हे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहिल्याशिवाय नक्की कळत नाही.

टी७९०एम निघाला तर ऑसिमर्टिनिब. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांचा आजार या गोळीनं सुमारे १० महिने आवाक्यात राहिला, किमोनं साडेचारच्या आत. ती मेंदूपर्यंतही जेफिटिनिबपेक्षा चांगली पोचते. हे सांगायचं कारण म्हणजे आईंना नव्यानं डोकेदुखी, उलट्या, तोल जाणं असं काही असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, एमआरआय लागू शकतो. काहीच सापडलं नाही तर पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनची किमो आहे. ती बहुतेकांना झेपते, केसही फारसे जात नाहीत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कुणीतरी म्हणेलच, ‘सुरुवातीलाच ऑसिमर्टिनिब का नाही दिली?’ पहिल्यापासून दिली तर ती जास्त काळ चालते, हे २०१८ पासून माहीत आहे. टाटाच्या त्याच ३५० रुग्णांच्या अभ्यासात जेफिटिनिबसोबत सुरुवातीलाच किमो दिली तेव्हा ८ च्या जागी १६ महिने मिळाले, कारण एका मार्गानं सुटणारी पेशी दुसऱ्या औषधात सापडते. टीबीला सुरुवातीला चार औषधं एकदम देतात त्यामागेही हाच विचार आहे. मग आईंना नुसती जेफिटिनिब का? किमोसोबत दिली तर त्रास बराच जास्त होतो, आणि ऑसिमर्टिनिबची किंमत आपल्या बहुतेक घरांना झेपणारी नाही. तुमच्या डॉक्टरांनी आईंची तब्येत आणि तुमचं घर बघून सुरुवात केली असणार. त्यावरून भांडू नका, आत्ता त्यांची गरज आहे.

किंमत निघालीच आहे म्हणून सांगते. २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात केंद्रानं ऑसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क माफ केलं. तरी ती महागच आहे, आणि औषध आहे पण परवडत नाही असं एखाद्या घराला सांगताना मला आजही जड जातं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठली तपासणी, कुठलं औषध बसतं ते लेखी विचारा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत समाजसेवकांचा विभाग असतो, कंपन्यांच्या मदत योजना त्यांना ठाऊक असतात. जमीन गहाण टाकायच्या आधी या दोन टेबलांवर जाऊन या. आणि रिपोर्ट येईपर्यंत महागडं काही सुरू करू नका.

गुरुजींच्या इंजेक्शनचं. गुरुजी बरे आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांचा आणि आईंचा कॅन्सर एका अवयवातला असला तरी एक नव्हे. इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध. ईजीएफआरचा बिघाड असलेल्या गाठींना नुसत्या इम्युनोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. वर एक धोका आहे. ती इंजेक्शनं आधी दिली आणि पाठोपाठ ऑसिमर्टिनिब सुरू केली, तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याची शक्यता वाढते. म्हणजे गुरुजींचं औषध आईंना दिलं तर उद्या आईंना त्यांचं स्वतःचं औषध देणं धोक्याचं होऊन बसेल. ते इंजेक्शन कुणी सुचवलंच, तर ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

जेफिटिनिब मनानं बंद करू नका. आता लागू पडत नाही तर कशाला द्यायची, असं वाटेल. पण गाठीतल्या पुष्कळ पेशी अजूनही तिच्या धाकात असतात. ती एकदम थांबवली तर काही रुग्णांत आठवड्या-दोन आठवड्यांत आजार उसळतो. बंद कधी करायची ते डॉक्टर सांगतील. तसंच, पाळीपाळीनं औषध थांबवून साध्या पेशी जिवंत ठेवायच्या आणि त्यांच्याकरवी चिवट पेशींना दाबून ठेवायचं, असे प्रयोग अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरवर झालेत. त्यामागचा विचार शेतातल्या किडींच्या नियंत्रणावरूनच घेतलेला आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत पूर्वी मिळणारं १२० ग्रॅम साधं बियाणं आठवा, साध्या अळ्या जिवंत राहाव्यात म्हणून दिलेलं, जे आपण बांधावर फेकून देत होतो. पण आईंच्या आजारासाठी ही रीत अजून ठरलेली नाही. मोबाइलवर वाचून कुणी ‘गोळी एक दिवसाआड द्या’ म्हणालं तर देऊ नका.

आणि आई. त्यांना खोटं सांगू नका. त्या वेचणीतल्या आहेत, डोमकळी (आत गुलाबी अळी असलेलं, नीट न उमललेलं फूल) त्यांना लांबून ओळखू येते. त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, ‘आई, गोळी तेच आहे. अळी बदलली. आता कोणती अळी आहे ते पाहाले थोडासा तुकडा काढाचा आहे, मग त्याप्रमाणं औषध.’ त्या पुढचं विचारतील, ‘मग बरी होईन का?’ तेव्हा म्हणा की पूर्ण जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण आणखी औषधं आहेत आणि त्रास कमी ठेवता येतो. त्या गप्प बसल्या तर तुम्हीही थोडा वेळ गप्प बसा. बायोप्सी करायची की नाही, किती दूरपर्यंत जायचं, यात शेवटचा शब्द त्यांचा असू द्या. काका, तुम्ही किंवा मी, आमचा नको.

रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठवा, आईंचं नाव झाकून. टी७९०एमसमोर काय लिहिलंय ते आपण दोघं मिळून वाचू.